तारापूरचा कचरा, आणि बिल्ला ड्रॉवरमध्ये

अर्धायुष्य

काल इथे ‘तारापूरचा कचरा नातवंडांच्या माथी’ नावाचा लेख आला. लेखकमहाशयांचं म्हणणं, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या या किरणोत्सर्गी कचऱ्याचं काय करायचं हे जगात कुणालाच ठाऊक नाही आणि तो पिंपांत भरून समुद्रकाठी पुरलाय. वाचून डोकं उठलं. प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

पिंपांत भरून पुरलेला नाही हो! वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतल्यावर ॲसिडमध्ये जो जहाल द्राव उरतो, तो काचेच्या मसाल्याबरोबर हजारेक अंशांवर वितळवतात. ती बोरोसिलिकेट काच स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओततात, झाकण वेल्ड करतात आणि डबे देखरेखीच्या कोठारात ठेवतात. तारापूरच्या कोठाराला उंच चिमणी आहे. तापलेली हवा वर निघून जाते, खालून गार हवा आत येते. पंखा नाही, पंप नाही. लाइट गेले तरी डबे गार होतच राहतात.

राहिला प्रश्न किती वर्षांचा. त्यातले मुख्य उपद्रवी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम. दोघांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, तीसेक वर्षं. दहा अर्धायुष्यांनी हजारावा हिस्सा उरतो, म्हणजे तीनशे वर्षं. पहिला बाजीराव पेशवा झाला त्यालाही तीनशेच्या वर वर्षं झाली, आणि त्या काळातले दगडी वाडे अजून उभे आहेत. आणि याच कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) त्याच्या कांड्या बनवते. त्या रक्तपेढ्यांत रक्तावर किरण मारायला वापरतात. नातवंडांच्या माथी म्हणे!

किरणांनी माणूस मेला तो दिल्लीत, मायापुरीच्या भंगारबाजारात. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात फुंकलं आणि भंगारवाल्यांनी ते फोडलं. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ साली हेच झालं. बंद पडलेल्या दवाखान्यात रेडिओथेरपीचं यंत्र बेवारस राहिलं होतं, त्यातल्या सीझियमने चार जण गेले. भीती बाळगायचीच तर ती अशा बेवारस यंत्रांची बाळगा.

खाडीपल्याड

वा! काच, वेल्डिंग, चिमणी, सगळं तोंडपाठ. आता जे सोयीस्करपणे गाळलंत ते मी सांगतो.

तारापूर १ आणि २ या भट्ट्या १९६९ च्या, अमेरिकन बनावटीच्या. त्यांचं वापरलेलं इंधन काचेत गेलेलं नाही. अमेरिकेच्या संमतीशिवाय त्यावर प्रक्रिया करायची नाही असा करार होता, आणि त्या भांडणापायी ते वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिलं. तुमचा तीनशे वर्षांचा हिशोबही अर्धा. त्याच काचेत नेप्च्युनियम असतं, त्याचं अर्धायुष्य वीस लाख वर्षांच्या वर. त्यासाठी खोल खडकातलं कायमचं कोठार लागतं. फिनलंडने चारशे मीटरच्या खाली खोदून ठेवलंय. आपण ऐंशीच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत हीटर ठेवून खडक तापवून पाहिला. कोठार कुठे आहे, सांगा बघू?

भट्टी ३-४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली, ते तर तुमच्या गणितात बसतच नाही.

आणि मोजतं कोण? आजूबाजूची माती, पाणी, मासे तपासणारी प्रयोगशाळा अणुऊर्जा खात्याचीच. परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरात. माझे मामा परराज्यात एका प्लांटवर ठेकेदाराकडे होते, नाव घेत नाही. छातीला किरण मोजणारा बिल्ला लावायचे, तीन महिन्यांनी तो काढून नेत. आकडा किती आला हे त्यांना मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

गोदाकाठ

कचरा जाऊ द्या, लासलगावला कांद्यावर २००२ पासून कोबाल्टचे किरण मारतात त्याचं बोला. तो कांदा खाऊन काय होत असेल?

अर्धायुष्य

@गोदाकाठ, कांद्याला मोड येत नाहीत, एवढंच होतं. २००७ साली अमेरिकेला हापूस गेला तो तिथूनच किरण खाऊन गेला. कांदा किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात बसून तुम्ही सूर्य होता का?

शिशाचा_एप्रन

बिल्ल्याचा विषय निघालाय म्हणून लिहिते. अवांतर वाटलं तर वाटू दे.

मी एक्स-रे टेक्निशियन. पहिली नोकरी तालुक्याच्या गावी, एका खाजगी हॉस्पिटलात. बिल्ले होते की! पण सगळे साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. कारण विचारलं तर म्हणे, "रीडिंग जास्त आलं की वरून खुलासा मागतात, कशाला डोक्याला ताप?" त्या बिल्ल्यात निकेल चढवलेली ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर तीन पांढऱ्या टिकल्या आणि केसमध्ये त्यांच्या समोर वेगवेगळे फिल्टर. कुठल्या टिकलीने किती किरण धरले त्यावरून डोस काढतात. ड्रॉवरमध्ये ठेवल्यावर टिकल्या काय धरणार? लाकूड?

एप्रन एकच, आणि तो घडी घालून स्टुलावर टाकलेला. घडीवर आतलं शिसं चिरतं, म्हणून तो टांगायचा असतो. लहान मूल आलं की धरायला आई. तिला तोच चिरका एप्रन. एकदा पोटुशी बाई मुलाला धरायला पुढे झाली. मी अडवलं तर "नखरे करू नकोस, लाइन लागलीय" हे ऐकून घेतलं.

तेव्हा तुमची ती काच, ते कोठार, असेल चांगलं. आमच्या खोलीच्या दाराला साधा लाल दिवा नव्हता.

खाडीपल्याड

ताई, हेच म्हणतोय मी. कॅगचा २०१२ चा अहवाल काढून बघा. देशात ५७,४४३ एक्स-रे युनिटं, त्यातली ५२,१७३ एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, नोंदलेलीच नव्हती. म्हणजे ९१ टक्के! ज्याला एक्स-रेची खोली सांभाळता येत नाही त्याने अणुभट्टी सांभाळली म्हणून छाती फुगवायची?

अर्धायुष्य

उलट आहे. भट्टीवर माणसं लावली म्हणूनच खोलीला माणसं पुरली नाहीत. आणि सुप्रीम कोर्टाने २००१ साली सांगितलं होतं की प्रत्येक राज्याने स्वतःचं किरणसुरक्षा संचालनालय काढावं. कॅगने पाहिलं तेव्हा केरळ आणि मिझोराम सोडून बाकीची राज्यं झोपलेली होती. त्याचं खापर तारापूरवर फोडू नका.

रात्रपाळी_एमडी

आलं का शेवटी गाडं डॉक्टरांवर? एका टुकार हॉस्पिटलावरून सगळे चोर? आमच्याकडे बिल्ला घातल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही. आणि पेशंटचं काय? "डोकं दुखतंय, सीटी करून टाका ना डॉक्टर, कंपनीचा विमा आहे." पोटाच्या एका सीटीला आठ-दहा मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसाचं माप) जातात. निसर्गातून वर्षाला मिळतात सरासरी अडीचच्या आत. नाही म्हटलं तर पेशंट समोरच्या सेंटरला जाऊन करून येतो, वर गूगलवर एक स्टार देतो.

शिशाचा_एप्रन

डॉक्टरसाहेब, मी सगळे म्हटलं नव्हतं. अंगाला लागलं ते तुमचं तुम्ही बघा.

रात्रपाळी_एमडी

ही भाषा असेल तर राम राम.

निवांत_नाना

धाग्याचा काश्मीर झालाच तर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, किरण न मारलेले.

खाडीपल्याड

डॉक्टरांच्या आकड्यावरून आठवलं. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुकामगारांचा अभ्यास २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. थोडा थोडा डोस वर्षानुवर्षं घेतला तरी कॅन्सरचे मृत्यू वाढतात. ग्रे हे अंगात शोषलेल्या किरणांचं माप, त्या एका ग्रेमागे ५२ टक्के. ‘एवढ्याने काही होत नाही’ वाल्यांनी वाचावा.

अर्धायुष्य

वाचलाय. एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे, आणि त्या कामगारांचा सगळ्या नोकरीतला सरासरी डोस वीसेक मिलिग्रे. आता करा त्रैराशिक. केरळात करुनागप्पल्लीला मोनाझाइटच्या, म्हणजे मुळातच किरणोत्सर्गी असलेल्या, वाळूवर माणसं पिढ्यानपिढ्या राहतात. तिथल्या सत्तर हजार लोकांचा दहा वर्षांवर पाठपुरावा केला, २००९ साली निष्कर्ष आले. कॅन्सर जास्त सापडला नाही.

खाडीपल्याड

दहा वर्षं! आत्ताच बाजीराव काढून तीनशेच्या गप्पा मारत होतात ना? आणि केरळच्या लोकांना ती वाळू देवाने दिली. मामांना डोस ठेकेदाराने दिला, न विचारता. फरक त्रैराशिकात येत नाही म्हणून तो नसतो का?

अर्धायुष्य

बरं बाबा. १-२ चं इंधन काचेत नाही, मान्य. कायमचं कोठार नाही, तेही मान्य. पण डबे आणखी काही दशकं वर गार व्हायचेच आहेत, तोवर खडक शोधायला वेळ आहे. आणि ठेकेदाराच्या माणसाला त्याचा आकडा लेखी मिळालाच पाहिजे, यावर मी कधी वाद घातला? झालं समाधान? आता कचरा ‘पुरलाय’ असं लिहिणाऱ्याच्या धाग्यावर जाऊन तेवढंच तावातावाने लिहा.

खाडीपल्याड

लिहितो. तुमच्या परवानगीची वाटच बघत होतो.

गोदाकाठ

ताई, एक विचारायचं होतं. बायको डेंटिस्टकडे असिस्टंट आहे, तिथला एप्रन पण जुनाच आहे. चिरलाय की नाही कसं कळणार? वरून तर धड दिसतो.

शिशाचा_एप्रन

वरून नाहीच कळत दादा. सपाट पसरून त्याचाच एक्स-रे काढायला सांगा, भेग असेल तर काळी रेघ येते. दाताचं मशीन लहान, त्यावर पूर्ण एप्रन मावणार नाही. जवळच्या मोठ्या सेंटरला नेऊन बघा, आणि दर वर्षी बघा. आणि तिला बिल्ला दिलाय का विचारा. दिला असेल तर एप्रनच्या आत, छातीवर. पर्समध्ये नाही.

गोदाकाठ

विचारलं. म्हणाली, कसला बिल्ला?