मदत हवी आहे: कोंबडी खत जाळून वीज करणारा प्रकल्प गावाशेजारी येतोय, ग्रामसभेत काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या गावाशेजारी कोंबडी खत जाळून वाफ आणि वीज तयार करणारा बॉयलर बसवायचं चाललंय. ना-हरकत दाखल्याचा विषय येत्या ग्रामसभेत आहे. प्रकल्पवाले सांगतात, "बगॅससारखंच जैविक इंधन आहे, प्रदूषणाचा प्रश्न येत नाही." साखर कारखान्यांची सहवीज, म्हणजे बगॅस (उसाचं चिपाड) जाळून केलेली वीज, सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळं गावाला ते पटतंय. मला पटत नाही.

बगॅसमध्ये नत्र अगदी नाममात्र असतो. कोंबडीच्या विष्ठेत तो भरपूर, शिवाय गंधक, खाद्यातल्या मिठाचं क्लोरीन आणि खाद्यातून गेलेलं तांबं-जस्त. हे जाळलं की नत्राची ऑक्साइडं, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड. आच नीट राहिली नाही तर डायॉक्सिनसारखं जहरी रसायनही. युरोपीय संघानं 2014 च्या नियमात शेतावर कोंबडी खत जाळायला परवानगी दिली, पण वायू किमान 850 अंशांवर 2 सेकंद राहिला पाहिजे अशी अट घालून, आणि धूळ, गंधक, नत्र तिन्हींना मर्यादा ठरवून. आमच्याकडच्या कागदांत तापमानाचा उल्लेखसुद्धा नाही. हिवाळ्यात पहाटे गुऱ्हाळांच्या चुलवाणांचा धूर शिवारावर कसा बसून राहतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

त्याहून जास्त जीव तुटतो तो खतासाठी. आमच्या भागात ऊस आणि हळदीला कोंबडी खत लागतंच. जाळल्यावर स्फुरद आणि पालाश राखेत उरतात, पण नत्र धुराड्यातून निघून जातो आणि सेंद्रिय कर्बही संपतो. मग तोच नत्र आम्ही युरियाच्या पोत्यातून विकत आणायचा?

पोल्ट्रीवाल्यांशी माझं भांडण नाही. पावसाळ्यात लिटर (शेडमधला भुसा-विष्ठेचा थर) भिजतं, अमोनियाचा वास, माश्या, आणि उचलायला कुणी येत नाही. त्यांची अडचण खरी आहे, ती सुटलीच पाहिजे.

तर मदत अशी हवी आहे: बॅग फिल्टर (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या) बसवतो म्हणतात, तेवढं पुरेल का? राख कुठं जाणार हे लेखी कसं घ्यायचं? आणि कोल्हापूर-सांगलीकडं कोंबडी खतावर बायोगॅस नीट चालवणारं कुणी आहे का?

प्रतिसाद १
कारखान्याच्या बॉयलर हाऊसला बरीच वर्षं काढली आहेत. बॅग फिल्टर धूळ धरतो, वायू नाही. आम्ल वायूंसाठी चुन्याची मात्रा द्यावी लागते, नत्राच्या ऑक्साइडांसाठी वेगळी सोय. या इंधनात पालाश जास्त, त्यामुळं राख लवकर वितळून नळ्यांना चिकटते आणि बॉयलर सारखा बंद पडतो. चालू-बंद करतानाच धूर सगळ्यात वाईट असतो. म्हणून ओलावा किती टक्क्यांपर्यंत घेणार आणि आच धरायला जोडइंधन कोणतं, हे आधी विचारा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं संमतीसाठी दिलेल्या अर्जाची प्रतही मागा, सगळं त्यात लिहावं लागतं.

प्रतिसाद २
शिरोळकडून. आमचा बायोगॅस शेणावर चालतो, त्यात थोडं कोंबडी खत घालतो. नुसतं कोंबडी खत घातलं की अमोनिया वाढून गॅस कमी होतो, हा अनुभव. शेण, पाचट असं काही मिसळावंच लागतं. स्लरीत (गॅस निघाल्यावर उरलेल्या रबड्यात) नत्र राहतो, उसाला सोडतो. पण शेकडो टन खत एका ठिकाणी आलं तर हे जमेल असं मी छातीठोक सांगणार नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. अर्जाची प्रत ग्रामसेवकांकडं लेखी मागतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेन्सनचा 55 मेगावॉटचा असाच प्रकल्प 2007 ला सुरू होऊन 2018 ला बंद झाला, वीज महाग पडत होती. म्हणून इथं प्रति युनिट दर काय धरलाय, तेही विचारणार आहे. प्रत मिळाली की त्यातले आकडे इथं टाकतो. धुराड्याची उंची आणि उत्सर्जनाचे आकडे तपासून देणारं कुणी असेल तर ग्रामसभेआधी कृपया कळवा.