शब्दचर्चा : चौथ्या मजल्यावरचे जल, तरु, तृण

चौथा_मजला
आईबाबांचा कोथरूडचा फ्लॅट विकायला काढलाय. गिऱ्हाईक ठरलं आणि वकिलांनी खरेदीखताचा मसुदा पाठवला, बावीस पानी. काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होते, तर अकराव्या पानावर हे आलं: "सदरहू मिळकत त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह..."

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तरु म्हणाल तर कुंडीतली तुळस, आणि ती आई नेणार आहे. तृण म्हणजे दारातलं काथ्याचं पायपुसणं. जल महापालिकेचं, तेही सकाळचं दीड तास. मी म्हटलं हे काढून टाकायला सांगू या. बाबा म्हणाले, "असू दे गं, भारदस्त वाटतं."

पण निधी आणि निक्षेप यांत फरक काय? आणि हे नुसतं सजावटीला असतं का? जाता जाता आणखी दोन शंका. साठेखतातलं 'साठे' कुठून आलं? कुलमुखत्यारपत्रातलं 'कुल' म्हणजे कुटुंब का? फ्लॅट बाबा आणि दादा दोघांच्या नावावर आहे आणि दादा मस्कतला असतो, म्हणून त्याच्याकडून माझ्या नावाने ते घ्यायचंय.

खर्डेघाशा
तीस वर्षं दस्तांचे मसुदे लिहिण्यात गेली, त्यामुळे या माळेवर माझा जीव आहे. निधी म्हणजे पुरलेलं, धनी ठाऊक नसलेलं धन. निक्षेप म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवलेली ठेव. ही यादी वकिलांच्या पदरची नाही. मराठेशाहीतल्या इनामपत्रांत 'कुलबाब कुलकानू'च्या, म्हणजे सगळ्या करांच्या आणि हक्कांच्या, मागोमाग हीच माळ येते. विजयनगरच्या ताम्रपटांत तर निधी, निक्षेप, जल, पाषाण आणि त्यांच्या जोडीला अक्षिणी, आगामी, सिद्ध, साध्य असे आठ भोग, म्हणजे उपभोगाचे हक्क, मोजलेले आहेत. गाव इनाम देताना काय काय दिलं ते बोट ठेवून सांगावं लागे. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी उभा राहणार, जमीन तुझी पण बांधावरचा आंबा माझा!

म्हणजे तेव्हा ती सजावट नव्हती. शेतजमिनीच्या खतात आजही झाडं आणि विहिरीतला हिस्सा लिहावाच लागतो. निधीचं मात्र काही खरं नाही. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तेव्हा बाबा जो निधी विकताहेत तो त्यांना तसाही परस्पर विकता आला नसता.

तृण राहू द्या. पण त्या बावीस पानांत पार्किंग लिहिलंय का, ते बघा. चटई क्षेत्र, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबर आणि पार्किंग हे तुमच्या फ्लॅटचे जल, तरु, तृण. मजकूर जुन्या खतातून उचलला की पाषाण येतो आणि पार्किंग राहतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

संत्रानगरी
आमच्या नागपूरकडे साठेखत हा शब्द फारसा कानावर येत नाही. आधी सौदा, मग बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम, त्याची इसारचिठ्ठी, आणि शेवटी "रजिस्ट्री लागली". खरेदीखत हा शब्द कागदावर, तोंडात रजिस्ट्रीच. तुम्ही प्रॉपर्टी कार्ड म्हणता ती आमची आखीव पत्रिका. पुण्यातल्या मावसभावाला मी आखीव पत्रिका मागितली, तर तो म्हणे लग्न कुणाचं आहे?

खर्डेघाशा
😄 आखीव पत्रिका हा फार देखणा शब्द आहे, जपा.

आता साठे. आडनावाशी संबंध नाही, साठ्याशीही नाही. साटं म्हणजे सौदा, अदलाबदल. 'साटंलोटं' म्हणतो त्यातलं. गुजरातीत आजही साटाखत म्हणतात. आपल्याकडे ट चा ठ झाला आणि मूळ अर्थ विसरला गेला. साठेखत म्हणजे विकण्याचा करार, विक्री नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्वच्छ म्हटलंय की नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही.

ताकभात
थोडक्यात साठेखत हा साखरपुडा आणि खरेदीखत हे लग्न.

खर्डेघाशा
ही उपमा सगळे देतात आणि ती अर्धीच जुळते. साखरपुडा मोडला तर कोर्ट तुमचं लग्न लावून देत नाही. साठेखत मोडलं तर करारपूर्तीचा दावा लावता येतो आणि कोर्ट विकणाऱ्याला खरेदीखत करून द्यायला लावू शकतं. तो नाहीच आला तर कोर्टातर्फे सही होते. नवरदेवाशिवाय लग्न!

आणि एक गंमत बघा. खत लिहून देतो विकणारा, सही मुख्यतः त्याची, पण नाव मात्र खरेदीखत. हिंदीवाले बैनामा म्हणतात, त्यातला अरबी 'बै' म्हणजे विक्री. आपण तोच कागद घेणाऱ्याच्या बाजूने पाहतो. आत मात्र क्रेता-विक्रेता नसतात, 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' असतात. इतकं सरळ मराठी कायद्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पोथीवाचक
इसार, विसार, बयाणा यांच्या पंगतीतला आणखी एक जुना शब्द म्हणजे संचकार. संस्कृत 'सत्यंकार' म्हणजे बोललेलं खरं करण्यासाठी आधी दिलेली रक्कम. याज्ञवल्क्यस्मृतीत सत्यंकाराचं द्रव्य दुप्पट परत द्यायला लावावं असं आहे. विसारपावतीत "व्यवहार मोडल्यास दुप्पट परत करीन" असं आजही लिहितात, ते वाचलं की मला हे आठवतं.

फोंडेकर
गोव्यातून थोडी भर. आमच्याकडे सातबारा नाही, एक-चौदा. जुन्या कागदांवर खरेदीखताला एस्क्रितुरा. आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, ही पोर्तुगीज संहितेची देणगी. त्यामुळे घर कुणाच्याही नावावर असो, विकताना सह्या दोघांच्या. एका मुंबईच्या गिऱ्हाइकाने आम्हाला विचारलं होतं, "बाईंची सही कशाला?" आमची आजी आतून म्हणाली, "बाईंशिवाय घर कसलं?"

चौथा_मजला
आजींना नमस्कार सांगा!
पार्किंग शोधते. कुल राहिलं की.

खर्डेघाशा
कुल तीन आहेत आणि तिन्ही घराच्या कागदांत भेटतात, म्हणून घोळ. संस्कृत कुल म्हणजे घराणं. मराठी कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. सातबाऱ्यावर कुळाचं नाव दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका, १९४८ चा कूळकायदा उभा राहतो. आणि अरबी कुल म्हणजे सगळं, समस्त. कुलमुखत्यारपत्रातलं ते हे तिसरं. मुखत्यार म्हणजे निवडलेला. सगळ्या कामांसाठी निवडलेला माणूस तो कुलमुखत्यार.

म्हणूनच तुम्हाला कुल नकोय. एकाच फ्लॅटच्या एकाच विक्रीसाठी 'खास मुखत्यारपत्र' घ्या, त्यात मिळकतीचं पूर्ण वर्णन टाका. दादांनी ते तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून पाठवावं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं. 'कुल' आणि 'खास' ही दोन अक्षरी विशेषणं, पण भावाभावांत वितुष्ट आणायला त्यातलं पहिलं पुरतं.

ताकभात
विषय निघालाच आहे तर 'मानीव अभिहस्तांतरण' कुणी शोधून काढलं? आमच्या सोसायटीच्या फलकावर चार वर्षं लटकलंय.

खर्डेघाशा
अभिहस्तांतरण बोजड आहे, मान्य. मुंबई-पुण्यात लोकांकडे फ्लॅटचं नोंदवलेलं अ‍ॅग्रीमेंट असतं, पण खालची जमीन बिल्डरने सोसायटीच्या नावे करून द्यायची राहिलेली असते. तो टाळतो, मग सक्षम अधिकारी ती झाली असं मानून सोसायटीला देतो. हे मानीव. मानलेला भाऊ म्हणतो तसं मानलेलं खरेदीखत. शब्द मला आवडतो, 'मानलेले'पेक्षा आटोपशीर आहे. मला राग आहे तो इंग्रजी 'टायटल'साठी वापरलेल्या 'शीर्षका'चा. एका बँकेच्या मराठी अर्जावर छापलं होतं, "मिळकतीचे शीर्षक स्पष्ट आहे काय?" अहो, ती मिळकत आहे, निबंध नव्हे. मालकी निर्वेध आहे का, एवढं विचारा.

चौथा_मजला
महिन्याने परत आलेय. आज दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली. पार्किंग खरोखरच राहिलं होतं! वकीलसाहेब म्हणाले, जुन्या मसुद्यातून घेतलं ना. नवीन पान छापून घेतलं. तृण जागेवर आहे.

आत बाबांचा अंगठा त्या काचेवर उमटेना. चार वेळा पुसला, शेवटी शिपायाने ओला रुमाल दिला. मग साहेबांनी विचारलं, "दस्त कबूल आहे ना? पैसे मिळाले?" बाबांनी चष्मा वर केला आणि मसुद्यातलंच वाक्य म्हटलं, "सर्व रक्कम भरून पावलो, तक्रार नाही." रांगेतले दोघे-तिघे फिसकन हसले. आपण "भरून पावलो बाबा तुझ्यापुढे" असं वैतागून म्हणतो ना, त्यांना तेच ऐकू आलं असणार.

खर्डेघाशा
ते आलंय इथूनच. पूर्ण पैसे हातात पडले की सावकार कागदावर लिहून द्यायचा, भरून पावलो. भरपाई हा शब्दही त्याच घरचा. कागदावरचं समाधान तोंडात येईपर्यंत उपरोध कधी झाला कुणास ठाऊक.

बाबांनी कुठल्या अर्थाने म्हटलं?

चौथा_मजला
विचारलं नाही. घरी येताना त्यांनी रिक्षा जुन्या सोसायटीवरून घ्यायला लावली. तुळशीची कुंडी वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवलेली होती, ती मांडीवर घेऊन बसले.