अनेल्का आणि त्याचे क्लब

फ्रेंच फुटबॉलपटू निकोला अनेल्का निव्वळ तिरसट स्वभावापायी क्लब बदलत राहिला, असं म्हटलं जातं. स्वभाव होताच, पण पैशाचा हिशेबही बघा. १९९७ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने त्याला पॅरिसच्या क्लबकडून जेमतेम ५ लाख पौंडांत आणलं आणि १९९९ मध्ये रेआल माद्रिदला २ कोटी २० लाखांच्या वर विकलं. असा नफा दिसला की कुठला क्लब अडवून धरेल?

माद्रिदला सराव चुकवल्यामुळे निलंबन झालं. तरी परतल्यावर जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत दोन्ही सामन्यांत गोल! पुढे इंग्लंडच्या लिव्हरपूलला तो फक्त लोनवर होता. लोनमध्ये नोंदणी तात्पुरती असते, मूळ करार जुन्याच क्लबकडे. कायम घ्यायचं की नाही हे लिव्हरपूलच्या हातात होतं. त्यांचा प्रशिक्षक ऊलिए याने नकार देऊन एल हाजी दियूफ या दुसऱ्या खेळाडूला घेतलं.

पैशाचाच आणखी एक मुद्दा: परदेशी बदलीत रकमेचे ५% खेळाडूला वयाच्या १२ ते २३ दरम्यान घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. पहिल्या चार वर्षांना प्रत्येकी ०.२५%, पुढच्या आठांना ०.५%. तुर्कस्तानच्या फेनरबाचेहून इंग्लंडच्या बोल्टनला अनेल्का २००६ मध्ये सुमारे ८० लाख पौंडांना गेला. नियमाने वाटा ४ लाख, म्हणजे सोळाव्या वर्षानंतरच्या प्रत्येक हंगामामागे ४० हजार. खेळाडू करार संपून फुकट गेला तर मात्र या वाट्यात शून्य.

आणि हो, २०१४ ला मुंबई सिटीकडे आला तेव्हा पस्तिशीचा होता, त्यावरून त्याला जोखू नका.