विषय: पार्ल्याचा फ्लॅट विकायचाय, बेडरूमचं काय करू?

नमस्कार मंडळी,
बाबा आता इथे आमच्याकडेच असतात, म्हणून पार्ल्याचा टू बीएचके विकायला काढलाय. दिवाळीत तीन आठवडे मुंबईत आहे. एजंट म्हणतो, हॉल आवडतो, पण बेडरूम बघून लोक गप्प होतात. नवीन फर्निचर घेऊ का?
– अ.

---

ताई, घेऊ नका, काढा!
मुलुंडचं आमचं घर विकताना १० बाय १० च्या खोलीत डबलबेड, दोन कपाटं आणि आईचं शिलाई मशीन होतं. येणारा दारातूनच डोकावून परत. एक कपाट आणि मशीन हलवलं, बेडच्या कडेने दोन फुटांची वाट मोकळी केली, तेव्हा कुठे लोक खिडकीपर्यंत जायला लागले. मुंबईचं गिऱ्हाईक तिथेच जातं. वारा येतो का, समोरच्याच्या किचनमध्ये थेट दिसतं का, हे त्याला बघायचं असतं. तेव्हा जाड पडदे उतरवा, ग्रिलमधला अडगळीचा संसारही.

आता ओल. पाऊस ऑक्टोबरात जातो, पण भिंत लगेच सुकत नाही. ओल्या भिंतीवर रंग मारलात तर घर बघायला लोक येईपर्यंत पोपडे धरतील. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: बाहेरच्या भिंतीची भेग की वरच्यांचं बाथरूम? वरून गळत असेल तर सोसायटीला आत्ताच पत्र द्या, ते काम तीन आठवड्यांत उरकत नाही. आणि कपाट सरकवून डाग झाकू नका. आमच्याकडे आलेल्या एका आजोबांनी कपाटामागे हात घालून भिंत चाचपली होती!

बंद घराला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. बेडच्या बॉक्समधल्या गाद्या, रजया गच्चीवर उन्हात टाका. माळाही आवरा, लोक तो उघडायला लावतात.
– म.

---

म. दादांचं बाकी सगळं पटलं, पण उत्साहाच्या भरात खोली पार रिकामी करू नकोस हं. रिकामी खोली उलट लहान दिसते, आणि डबलबेड मावतो का हा प्रश्न तसाच राहतो. बेड ठेव, वर साधी फिकी चादर घाल. भिंत ते भिंत माप टेपने घेऊन कागदावर लिहून ठेव, म्हणजे ‘कार्पेट एरिया किती’ला तिथेच उत्तर. देव्हारा बेडरूममध्ये असेल तर दुसरीकडे हलव, आपल्याकडे बऱ्याच जणांना ते खटकतं.
घाई मात्र करू नकोस. पितृपक्षात टोकन द्यायला कोणी धजत नाही, फोन दसऱ्यापासून वाजायला लागतात.
– शोभामावशी

---

सगळ्यांचे आभार. सोसायटीला आजच मेल टाकते. आईच्या कपाटाला एक आठवडा लागेल, साड्या अजून तशाच आहेत.
बेडचा वाद मिटला. बाबा म्हणतात, तो सुताराने खोलीतच जोडलाय, दारातून बाहेर निघतच नाही.
– अ.