शब्दचर्चा : 'ड्रॉवर टेस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंदूरच्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी गुडघ्याच्या दुखापतीवर दोन पानं लिहितेय. खो-खो खेळताना खुंटाला वळसा घालायला गेला आणि भाच्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी 'ड्रॉवर टेस्ट' आणि 'लॅकमन टेस्ट' केली आणि लिगामेंट तुटल्याचं सांगितलं. लिगामेंटला 'स्नायू' लिहिलं तर चालेल का? आणि ह्या टेस्टना मराठी नावं आहेत का?

उत्तर : ताई, 'स्नायू' लिहू नका. मी इथेच फिजिओथेरपी करतो, अर्धा दिवस हिंदीत आणि अर्धा मराठीत बोलतो, आणि ह्या शब्दाने होणारा घोळ रोज बघतो. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारं मांस, मांडीचा, पोटरीचा. हिंदीत 'स्नायुतंत्र' वाचलं तर पुष्कळदा मज्जासंस्था अभिप्रेत असते. आणि सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी (तिथे अर्थ मांसपेशी, म्हणजे आजचे स्नायू) 500 आणि स्नायू 900 असे वेगळे मोजलेत. तिथले स्नायू बांधणारे आहेत : फळ्या दोरांनी नीट बांधल्या की नाव भार पेलते, तसं शरीर स्नायूंनी सांधलेलं आहे, असा दृष्टांत दिलाय. म्हणजे तुमच्या मनातला अर्थ जुना आणि खरा आहे, पण आजचा वाचक तो घेणार नाही. 'अस्थिबंध' लिहा. हाडाला हाड बांधणारा, शब्दातच काम आलं. 'नस' तर मुळीच नको, त्याने लोक रक्तवाहिनी समजून घाबरतात.

आता ड्रॉवर. रुग्ण उताणा, गुडघा 90 अंशात दुमडलेला, पाऊल खाटेवर टेकलेलं. तपासणारा त्या पावलावर हलकेच बसतो, दोन्ही हातांनी नडगीचा वरचा भाग धरतो, बोटं मागे लवणीपाशी, आणि टेबलाचा खण ओढावा तसा पुढे ओढतो. पुढचा अस्थिबंध तुटला असेल तर नडगी पुढे सरकते. उलट मागे ढकलून मागचा अस्थिबंध तपासतात. नाव इतकं चित्रमय आहे की मला 'खणचाचणी' मनापासून आवडतं.

पण नुकत्याच लागलेल्या गुडघ्यात हीच तपासणी फसवते. सूज इतकी असते की गुडघा 90 अंशांपर्यंत दुमडतच नाही, आणि दुखतं म्हणून मांडीच्या मागचे स्नायू आखडून नडगीला मागे धरून ठेवतात. म्हणून लॅकमन. ती अमेरिकेतल्या जॉन लॅकमन यांच्या नावाची, 1976 साली त्यांच्या शिष्याने, जोसेफ टॉर्ग यांनी प्रसिद्ध केली. माणसाचं नाव आहे, भाषांतर नको. गुडघा जेमतेम 20 ते 30 अंश वाकवायचा, एका हाताने मांडी स्थिर धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे आणायची. किती सरकली ह्याच्याइतकंच, कशी थांबली हे महत्त्वाचं. शाबूत अस्थिबंधाला ती गच्च थांबते, दोरी ताणून संपल्यासारखी. तुटलेल्याला तो थांब हाताला लागतच नाही, मऊ मऊ पुढे जात राहते. आधी चांगला गुडघा असाच तपासायचा, नाहीतर 'जास्त' कशाहून जास्त?

आणखी एक, 'टेस्ट' शब्द जपून वापरा. 'उद्या येऊन टेस्ट करून घ्या' म्हटल्यावर रामबागेतल्या एक काकू सकाळपासून चहासुद्धा न घेता आल्या होत्या, रक्त द्यायचंय समजून. तेव्हापासून मी 'हाताने तपासू' म्हणतो.

प्रश्नकर्ती : पटलं. पण 'खणचाचणी' वाचून आई पहिल्यांदा चोळीच्या खणाचाच विचार करेल! आणि भाचा म्हणतो, 'मावशी, वळलो की गुडघा दगा देतो.' हे लिहू का?

उत्तर : 'दगा देतो' जरूर लिहा, ह्याहून नेमका शब्द मला माहीत नाही. पुढचा अस्थिबंध गेलेला माणूस सरळ चालतो, वळताना त्याचा गुडघा दगा देतो, आणि ऐकणाऱ्याला निम्मं निदान तिथेच कळतं. खणाचं तुमचं बरोबर आहे : पहिल्यांदा 'टेबलाचा खण ओढल्यासारखी तपासणी' लिहा, पुढे सरळ 'ड्रॉवर टेस्ट', कारण चिठ्ठीवर तेच असतं. त्या चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' असतं तेही उलगडा. चांगलं निघालं म्हणून घरी जाऊन पेढे वाटलेले मला माहीत आहेत. 'ढिलेपणा आढळला' लिहा.