कोजागिरीनंतर रत्नागिरीत तैलरंगात निसर्गचित्रे: वेळ, सामान आणि ओल्या चित्रांविषयी सल्ला हवा

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीची. नोकरी सांभाळून गेली चार वर्षे तैलरंगात काम करते आहे. परंतु ते जवळजवळ सगळे घरातले, खिडकीशी बसून केलेली स्थिरचित्रे किंवा छायाचित्रांवरून रंगवलेली निसर्गचित्रे, एवढेच. गेल्या वर्षी ऐन कोजागिरीला तीन दिवस रत्नागिरीस गेले आणि समुद्रासमोर पहिल्यांदा ईझल मांडले. त्या तीन दिवसांत जी फजिती झाली ती सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

पहिल्या सकाळी सात वाजता आरे-वारेच्या टोकाला उघडे पडलेले खडक आणि त्यांमधली साचलेल्या पाण्याची डबकी पाहून मी रेखाटन केले, खडकांच्या सावल्या लावल्या आणि डबक्यांकडे वळेपर्यंत, म्हणजे साडेआठच्या सुमारास, डबकीच काय, निम्मे खडकही पाण्याखाली गेले होते. मी हट्टाने आठवणीतून रंगवत राहिले. शेवटी ईझलचा एक पाय भिजला तेव्हा सामान उचलले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला भाट्याच्या पुळणीवर भर उन्हात केलेले चित्र मला तिथे अतिशय उजळ वाटत होते. खोलीवर येऊन दिव्याखाली पाहिले तर आभाळ भरून आल्यासारखे काळपट. तिसऱ्या दिवशीची दोन चित्रे परतीच्या वाटेवर आंबा घाटात एकमेकांना चिकटली. आणि तिन्ही दिवस माझा समुद्र निळ्या ताडपत्रीसारखाच आला.

यंदा आश्विन वद्य पंचमीपासून दशमीपर्यंत, असे सहा दिवस जाणार आहे. कोणत्या वेळी कुठे बसावे, किती आणि कोणते सामान न्यावे, ओली चित्रे कशी आणावीत, आणि समुद्राचा रंग मुळात पाहावा कसा, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

भाट्येकर

ताई, तुमचे खडक बुडाले यात तुमचा दोष इतकाच की निघताना पंचांग पाहिले नाही. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. तुम्ही कोजागिरीला सकाळी सातला बसलात, म्हणजे ओहोटी संपून पाणी नुकतेच उलटले होते. शिवाय पौर्णिमा म्हणजे उधाण, त्यामुळे पाणी चढले ते जोरात आणि पुष्कळ वर. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो; भरतीचे छापील कोष्टक मिळाले तर तेच वापरावे.

यंदाच्या तिथी तुम्हाला चांगल्या लाभल्या आहेत. पंचमीला पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. याचा अर्थ पहिले तीन-चार दिवस सकाळी तुम्ही चित्र काढत असताना पाणी तुमच्यापासून दूर जात राहील. जे खडक तुम्ही रेखाटाल ते बुडणार नाहीत, उलट त्यांचे पाय उघडे पडतील, आणि मागे ओली वाळू उरेल जिच्यात आभाळ दिसते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती, असल्यामुळे पाण्याची चढउतारही कमी. दशमीला मात्र साडेसातला भरती असल्याने त्या सकाळी आठपर्यंत वरच बसा. संध्याकाळचे गणित याच हिशेबाने स्वतः मांडा. अष्टमीनंतर संध्याकाळी पाणी चढते असेल, तेव्हा ईझल भरतीच्या रेषेच्या वर हवे. ती रेषा शोधायला अवघड नाही. सुकलेला शेवाळ, काटक्या आणि दुर्दैवाने प्लास्टिकच्या बाटल्या एका ओळीत पडलेल्या असतात.

आता उजेडाविषयी. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. ऑक्टोबरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, पण आरे-वारेला मागे डोंगर असल्याने पुळणीवर ऊन उशिरा उतरते. तोवर समुद्र उजळलेला आणि तुम्ही सावलीत, ही चित्रकाराला फार सोयीची स्थिती आहे. नऊनंतर ऊन पाठीमागून सरळ पडते, सावल्या दिसेनाशा होतात आणि सगळे सपाट वाटू लागते. संध्याकाळी सूर्य समोर येतो, त्याच्याकडे तोंड करून रंगवणे म्हणजे डोळे दिपवून घेणे. त्याऐवजी भाट्याच्या पुळणीवर सुरूच्या बनाच्या कडेला बसून उत्तरेकडे पाहा: काजळी नदीचे मुख, पलीकडे मांडवी आणि त्यामागे रत्नदुर्गाचे टोक. ऊन डावीकडून येते, टेकडीला उजेडाची आणि सावलीची बाजू मिळते, आणि साडेचार ते पावणेसहा असा सवा तास हाताशी राहतो.

वाऱ्याचेही तसेच. सकाळी मतलई वारे जमिनीकडून येतात, ते मंद असतात. अकराच्या पुढे खारे वारे सुटतात आणि कॅनव्हासचे शीड होते. ईझलच्या मधोमध दगड भरलेली पिशवी टांगून ठेवावी.

जुना विद्यार्थी

भरतीचे वर आले आहे, मी सामानावर लिहितो. लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास किनाऱ्यावर नेऊ नये. दमट हवेत तो सैल पडतो, वाऱ्यात थरथरतो आणि मागून ऊन आले तर आरपार उजळतो, त्यामुळे रंगाचा अंदाज चुकतो. पातळ प्लायवर किंवा हार्डबोर्डावर प्रायमरचे दोन-तीन हात देऊन, वर यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचा पातळ पोत पुसून तयार केलेल्या फळ्या न्याव्यात. आकार ८ × १० इंच, फार तर ९ × १२. याहून मोठे चित्र दीड तासात होत नाही, आणि दीड तासानंतर समोरचे दृश्य पहिले राहिलेले नसते. कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर उन्हात काम करणे म्हणजे आरशावर रंगवण्यासारखे आहे, म्हणून तो मातकट पोत.

तुमचे काळपट चित्र हाही उन्हाचाच प्रताप. चित्रावर थेट ऊन पडत असेल तर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून हात आपोआप गडद मिसळत जातो. फळी आणि पॅलेट दोन्ही सावलीत, आणि एकाच सावलीत हवेत. छत्री वापरायची तर साधी काळी. रंगीत छत्री आपला रंग चित्रावर ओतते. कपड्यांचेही तेच आहे. माझा एक चांगला सकाळचा समुद्र लाल सदऱ्यामुळे गुलाबी पडला होता, आणि ते मला दोन दिवसांनी कळले. मळकट करडा किंवा गडद सदरा घालावा.

रंग सात पुरेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना, अलिझारिन, अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियन. पांढरा दुप्पट घ्या. टायटॅनियम व्हाइट सावकाश वाळतो, म्हणून प्रवासापुरता अल्किडचा (लवकर वाळणाऱ्या कृत्रिम राळेतला) पांढरा घेतला तर तो दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी धरतो आणि त्यात मिसळलेले इतर रंगही लवकर वाळतात. सुरुवातीचे रेखाटन बर्न्ट अंबरने करत असाल तर एक ट्यूब जास्त. त्यातल्या मँगनीजमुळे तो भराभर वाळतो.

टर्पेंटाइन ज्वलनशील असल्याने एसटीत वा रेल्वेत नेण्यास मनाई आहे. ते रत्नागिरीतच घ्यावे, किंवा सहा दिवस टाळावे: ब्रश चिंधीने पुसायचे, थोड्या जवसाच्या तेलात घोळवायचे, पुन्हा पुसायचे आणि संध्याकाळी साबणाने धुवायचे. मी हेच करतो. मात्र जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून खोलीच्या कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला प्राणवायू घेत वाळते, त्यात उष्णता निर्माण होते आणि घट्ट बोळ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

ओल्या फळ्यांसाठी सुताराकडून खाचा पाडलेली पेटी करून घेणे उत्तम. ते होणार नसेल तर बाटलीच्या बुचाच्या चकत्या कापून चारही कोपऱ्यांवर ठेवाव्यात, दुसरी फळी तोंडाला तोंड करून वर ठेवावी आणि बाहेरून रुंद रबरी पट्टा घालावा. कोपऱ्यांवर चार ठसे उठतात, ते घरी दुरुस्त होतात.

वाळू चिकटली तर ओल्यात खरवडू नका. वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडावी. उरलेली राहू द्यावी. मोनेने १८७० साली त्रूव्हिलच्या पुळणीवर केलेले एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात आजही वाळूचे कण अडकलेले आहेत.

रंगखडू

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तिथे जलरंगात टिपणे करावीत, छायाचित्रे घ्यावीत आणि तैलचित्र घरी निवांत करावे, असे माझे मत आहे. आपल्याकडे निसर्गचित्रणाची मोठी परंपरा जलरंगाचीच आहे; सावंतवाडीचे हळदणकर जलरंगात काय करून गेले ते सर्वांना ठाऊक आहे.

जुना विद्यार्थी

हळदणकरांविषयी दुमत नाही, पण ते तैलरंगातही तितकेच समर्थ होते हे विसरू नये. छायाचित्राला मात्र माझा विरोध आहे, कारण समुद्रासमोर कॅमेरा एकतर आभाळ पांढरे करतो किंवा खडक काळे करतो. सावलीतल्या जांभ्यात जो जांभळा असतो तो त्यात येतच नाही. शिवाय कोकणच्या दमट सकाळी जलरंगाचा पहिला हात वाळेपर्यंत उजेड निघून जातो. तैलरंगात ओल्यावर ओले लावता येते, चूक खरवडता येते. ही सोय किनाऱ्यावर फार मोलाची आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. फळ्या आजच कापायला दिल्या आणि पंचांग ईझलच्या पिशवीत ठेवले. समुद्राच्या रंगाचा प्रश्न मात्र राहिला. अल्ट्रामरीन आणि पांढरा यांपलीकडे मला जाताच येत नाही.

भाट्येकर

त्याचे कारण असे की आपण समुद्र निळा असतो हे आधीच ठरवून बसतो. उद्या भाट्याला गेलात तर एक करून पाहा. पॅलेट नाइफच्या टोकावर शुद्ध अल्ट्रामरीन आणि पांढऱ्याचे मिश्रण घ्या, हात लांब करून ते पाण्याच्या कडेशी धरा आणि एक डोळा मिटून पाहा. ते जांभळट, परके दिसेल. मग त्यात बर्न्ट सिएना घालत जा आणि पाते पाण्यात मिसळून जाईपर्यंत थांबू नका. किती सिएना लागला ते पाहून तुम्हालाच नवल वाटेल.

पावसाळा संपला तरी नद्या गाळ आणत असतात, म्हणून ऑक्टोबरात खाडीच्या मुखाशी पाणी मातकट हिरवट असते: ऑकर, थोडा व्हिरिडियन आणि करडा. त्यापलीकडे एक पट्टा आभाळाचा रंग घेतो. क्षितिजाशी पाणी आभाळापेक्षा गडद असते, पण फारसे निळे नसते. ऑक्टोबरच्या धुरकट उन्हात ती रेषा इतकी विरते की ती पट्टीने मारल्यासारखी कधीच काढू नये. लाट फुटण्याआधी क्षणभर तिच्या पातळ कडेतून उजेड आरपार येतो, तिथे आणि तिथेच स्वच्छ हिरवा लावावा. फेस पांढरा नसतो. ऊन लागलेला काठ सोडला तर तो वाळूपेक्षाही काळसर, निळसर करडा असतो. पांढरा शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा.

मांडवीला वाळू काळी आहे, तिच्यात इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे कण आहेत. ओली असताना ती आभाळाचा आरसा होते आणि लाट मागे गेली की आठ-दहा सेकंदांत तो आरसा कडेपासून मंद होत जातो. मी एक अख्खी सकाळ केवळ ती कड रंगवण्यात घालवली आहे आणि अजून ती मला नीट जमलेली नाही. जांभ्याचेही असेच: कोरडा दगड नारिंगी तांबडा, भिजलेला तपकिरी जांभळा, आणि दोहोंमधली रेषा म्हणजे पाणी कुठवर चढले होते याची खूण. सड्यावरचे गवत तुम्ही याल तेव्हा हिरव्याचे पिवळे होऊ लागलेले असेल. त्या पिवळ्याशेजारी ठेवलेला करडा समुद्र आपोआप निळा दिसतो, त्यासाठी निळा रंग जवळजवळ लागतच नाही.

मिरकरवाड्याला बंदरावर बसायचे असेल तर आधी तिथल्या माणसांना विचारा आणि जाळी, टोपल्या, बर्फाच्या गाड्या यांच्या वाटेतून दूर बसा. होडीचे चित्र अर्धे झाले आणि होडी निघून गेली, तर तक्रार करू नये. तिला काम असते.

कृष्णाकाठ

पाते पाण्याशी धरून पाहण्याची युक्ती आजच कृष्णेच्या घाटावर करून पाहिली. नदीसुद्धा निळी नव्हती. आता शेवटचा प्रश्न: दुपारी सावली हवी असेल तर माडाच्या बागेत ईझल मांडले तर चालेल ना?

भाट्येकर

मालकाला विचारून बागेत बसा, पण माडाच्या खाली नको. दोन झावळ्यांच्या मधून आभाळ दिसते अशी जागा शोधा आणि बसण्यापूर्वी वर पाहा. सुके नारळ आणि झावळ्या पडताना हाक मारत नाहीत.