बिअर १०२२ वर अडकली आहे; शिवाय मागच्या बाटल्यांचं कोडं

खाडीकाठ (रत्नागिरी)
मंडळी, घरीच २० लिटर पेल एल बिअर घातली आहे. साडेचार किलो बेस माल्ट, ६६ अंशांवर तासभर मॅश (म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं), सुरुवातीची घनता १०५२ (पाणी १०००; साखर आंबते तसा आकडा उतरतो). यीस्ट एस-०४, साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. दोन दिवस फेस झाकणाला लागत होता. आतलं तापमान २९ झालं म्हणून तिसऱ्या रात्री बादली ठेवलेल्या टबात जेटीवरचा, मासळीचा बर्फ ओतला. सकाळी बघतो तर १५. तेव्हापासून एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) गप्प. आज नववा दिवस, तीन दिवस लागोपाठ १०२२. बाटल्या भरू का?

दुसरं म्हणजे, मागच्या बॅचला दर बाटलीत एक शिगोशीग चमचा साखर घातली होती. ३३० मि.ली.च्या बाटल्या उघडल्या की कारंजं, आणि ६५०च्या काही अगदी सपाट. बादली एकच, मग असं का?

बोंडू
अजिबात भरू नका. घनतेचा खाली येणारा दर एक पॉइंट साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस देतो (एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरभर बिअरमध्ये लिटरभर गॅस). बाटलीत यीस्ट जागं झालं आणि २२ वरून नुसतं १६ पर्यंत आलं, तरी तीन व्हॉल्यूम झाले. बाटलीत घालाल त्या साखरेचा गॅस वेगळा. काच तेवढं सोसत नाही.

आधी १०२२ खरं आहे का ते बघा. नमुना दोन पेल्यांत दहा-बारा वेळा ओतून गॅस घालवा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला (घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीला) उचलून धरतात. मग नमुन्याचं तापमान घ्या. हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेला असेल आणि नमुना ३२ चा, तर रीडिंगमध्ये ३ मिळवायचे. म्हणजे तुमचं १०२२ प्रत्यक्षात १०२५ असू शकेल. (रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो ते बघून मोजत असाल तर ते आकडे सोडून द्या, अल्कोहोल आलं की तो फसतो.)

थर्मामीटरही तपासा. आपण समुद्राला लागून, त्यामुळे उकळत्या पाण्यात सरळ १०० दिसायला हवेत.

हेटकरी
बर्फाने घात केला. एस-०४ भराभर तळाला बसणारं यीस्ट. एका रात्रीत १४ अंश उतरवलेत की ते काम अर्धवट टाकून गाळात जाऊन झोपतं. टबातलं पाणी काढा, बादली २१-२२ वर येऊ द्या आणि निर्जंतुक केलेल्या लांब दांड्याने गाळ हलकेच वर आणा. फेटायचं नाही, या टप्प्यावर हवा आत गेली की ओल्या पुठ्ठ्याची चव येते. रोज एकदा, तीन दिवस.

त्याने हललं नाही तर नवं यीस्ट. पण कोरडं पाकीट तसंच ओतू नका, साडेतीन टक्के अल्कोहोलात ते धड उठत नाही. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड) उकळून गार करा, त्यात यीस्ट सोडा आणि फेस ऐन भरात असताना ओता. व्हॉस क्वेइक जातीचं यीस्ट घ्या. ते ३५ अंशांनाही खूश असतं, बर्फाची कटकटच नको.

आणि पावसाळ्यात ओल्या पंचाने बादली थंड होत नाही. हवाच ओलीचिंब, पाणी उडणार कुठे? बर्फच लावायचा तर गोठवलेल्या बाटल्या एकेक करून. मासळीचा बर्फ टबातच ठीक, झाकणावर नको.

खाडीकाठ
गॅस काढून, ३० अंशांना पुन्हा १०२२. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात ९७!

बोंडू
मग मॅश ६६ नाही, ६८ ला झालाय. न आंबणारी साखर जास्त, त्यामुळे १०१३ ची वाट बघू नका, १५-१६ ला थांबेल. पण अंदाजावर राहू नका. २०० मि.ली. काढा, अर्धा चमचा बिअरचं यीस्ट घाला, तोंडाला फॉइल लावून ३० अंशांना दोन-तीन दिवस अधूनमधून हलवत ठेवा. पावाचं यीस्ट चालणार नाही, माल्टमधली एक साखर त्याला नीट पचत नाही. नमुन्याची घनता जिथे थांबेल तो शेवटचा आकडा. बादली तिथे आली आणि तीन दिवस हलली नाही, की मगच भरा.

माचवा
बाटल्यांचं मी सांगतो. शिगोशीग चमचा म्हणजे सहाएक ग्रॅम. तो ६५० मि.ली.त लिटरला ९ ग्रॅम पडतो, ३३० मि.ली.त १८. चार ग्रॅम साखर लिटरला जवळपास एक व्हॉल्यूम देते, म्हणजे छोट्या बाटल्यांत पाचच्या वर गेलंय. लागतात अडीचच्या आसपास. चमचा फेकून द्या. २० लिटरला १४० ग्रॅम साखर ३०० मि.ली. पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाक गार करून रिकाम्या बादलीच्या तळाशी ओता, त्यावर बिअर सायफनने न खळखळता सोडा आणि एकदा सावकाश ढवळा.

सपाट ६५० मध्ये साखर कमी नाही, गॅस निसटतोय. दाबलेलं झाकण बोटांनी फिरवून बघा. फिरलं तर ते बसलेलंच नाही. फिरकीच्या आट्यांच्या तोंडावर क्राउन (दाबून बसवायचं पत्र्याचं झाकण) धरत नाही. खाऱ्या हवेत उघड्यावर पडलेली झाकणं कडेने गंजतात, ती घट्ट डब्यात ठेवा. दर बॅचला सोड्याची एक प्लास्टिकची बाटली भरा, दाबून दगडासारखी लागली की बाकीच्या तयार.

उरलेल्या ३३०च्या बाटल्या आजच हाताळा. हातमोजे आणि चष्मा घालून, जाड टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये. दोन दिवसांनी थंडगार असतानाच, टॉवेलातच, झाकण जरासं उचलून गॅस सोडा. फिस्स थांबली की दुसरं झाकण मारा. गळ्यात पांढरट कडं दिसलं तर मात्र संसर्ग समजा आणि ओतून टाका.